झाडावर चढायचा दोर आणि पट्टा: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर काय वाटतं

आधीच सांगून टाकतो. दोर चांगला निघाला, अंगावर बांधायचा पट्टा ठीक आहे, आणि सगळ्यात जास्त लक्ष मागते ती मुख्य दोराभोवती वेढे घालून बांधायची गाठीची हातभर दोरी. तिच्याबद्दल दुकानदार एक शब्द बोलत नाही.

आमचं काम आर्वी-कारंजा भागातलं. धुऱ्यावरच्या चिंचा उतरवायच्या, कौलांवर आलेल्या कडुनिंबाच्या फांद्या काढायच्या, विहिरीवर झुकलेला गावरान आंबा हलका करायचा. पूर्वी बंडीचा नाडा नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला रंगीत प्लास्टिकचा दोर कमरेला गुंडाळून चढायचो. इकडे बरेच जण अजून तसेच चढतात. तो दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. आपल्या उन्हात त्याची तूस सुटायला लागते, आणि साधारण १६५ अंशांना तो वितळतो. दोरावर दोर जोरात घासला तर तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही. कडब्याच्या पेंढ्या बांधायला तो चांगलाच आहे, पण त्याला माणूस टांगू नये.

मी घेतला तो ११ मिलिमीटरचा, भाराखाली कमी लांबणारा दोर. आत गाभा, वर विणलेलं कवच. त्याच्यावर 'ईएन १८९१, प्रकार ए' (ईएन म्हणजे युरोपचं मानक) असं लिहिलेलं असायला हवं. प्रकार ए म्हणजे मोकळा दोर २२ किलोन्यूटन आणि टोकाला गाठ मारून १५ किलोन्यूटन सहन करतो. एक किलोन्यूटन म्हणजे अंदाजे शंभर किलोचा भार. ५० किलोचं वजन १५० केलं तरी तो ५ टक्क्यांपेक्षा जास्त लांबत नाही. डोंगर चढणाऱ्यांचा ताणणारा दोर (ईएन ८९२) वेगळा. पडलेल्या माणसाला झेलायला तो चांगला, पण झाडावर त्याच्यावर बसलं की माणूस वरखाली हलत राहतो आणि करवत धड चालत नाही. पैसे वाचवायला तो घेऊ नका.

लांबी ४५ मीटर घेतली. दोर फांदीवरून जाऊन परत खाली येतो, म्हणजे १८ मीटरवर अडकवायचा तर ३६ मीटर तिथंच संपले. ३० मीटरचा स्वस्त पडतो, पण जुन्या चिंचेला तो पुरत नाही. लांबी कितीही असो, खालच्या टोकाला जाड गाठ मारूनच चढायचं. दोर संपला हे उतरताना कळत नाही.

नवा दोर आणला की वापरण्याआधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचा. तो थोडा आटतो आणि कवच गाभ्याला घट्ट धरतं. न भिजवता वापरला तर गाठीच्या घर्षणाने कवच टोकाकडे सरकत जातं.

आता खरा शत्रू. तो झाडावर नसतो, पायाखाली असतो. आपली काळी माती ओली असली तर दोराला चिकटते, आणि वाळली की तिचे बारीक कण विणीतून आत जातात. बाहेरून दोर स्वच्छ दिसतो, आत प्रत्येक ओढीला कण धागे कापत असतात. म्हणून झाडाखाली ताडपत्री अंथरल्याशिवाय दोर उलगडायचा नाही, हा आमचा नियम. सोयाबीन काढताना अंथरतो तीच ताडपत्री चालते. आणि दोरावर कोणी पाय द्यायचा नाही. पोट्टे ऐकत नाहीत, बोलावं लागतं.

काळ्या वावरात काम झालं की घरी येऊन टाक्यात गार पाणी आणि थोडा सौम्य साबण, हाताने चोळून धुवायचा, दोन-तीनदा खळबळायचा. ब्लीच नको, ब्रशही कडक नको. वाळवायचा सावलीतच. मी एकदा अंगणात दोर धूत होतो तर शेजारची माय म्हणाली, "काऊन रे बाप्पा, दोराले आंघोळ घालून रायला का?" घालतो, आणि डिंक लागलेल्या जागी जास्त घालतो. कडुनिंबाचा आणि बाभळीचा डिंक वाळून कडक झाला की तिथं गाठ अडकते. तो पेट्रोल किंवा थिनरने काढायचा नाही. कोमट पाण्यात भिजवून बोटांनी सोडवायचा, वेळ लागला तरी.

धुताना तपासणीही होते. दोर दोन्ही हातांच्या बोटांतून वीत-वीत सरकवायचा, डोळे मिटले तरी चालतील. कुठं मऊ, चपटं किंवा पोकळ लागलं तर थांबायचं. तिथं दोराचा लहानसा वळसा करून पाहायचा. चांगल्या जागी गोल कमान होते, गाभा दुखावलेल्या जागी तो तीव्र कोनात मोडतो. कवचावर जरा तूस आली तर घाबरू नका. पांढरा गाभा डोकावला की तो तुकडा बाद.

गाठीची दोरी. चढताना-उतरताना आपल्याला धरून ठेवते ती मुख्य दोराभोवती वेढे घातलेली ही दोरी. मी ८ मिलिमीटरची, उष्णता सहन करणाऱ्या धाग्याची वापरतो. वेढे सहा, म्हणजे तिहेरी प्रुसिक (भार आला की आवळणारी, सैल केली की सरकणारी गाठ). काही महिन्यांतच तिच्या आतल्या बाजूवर काचेसारखी चकाकी आली, हाताला कडक लागली. भरभर उतरलं की असं होतं. चकाकी आलेली दोरी आधी घसरते, मग एकदम पकडते. नायलॉन २१५ अंशांच्या पुढे वितळतं, पण मऊ त्याआधीच पडतं. आता पोत्यात दोन जास्तीच्या ठेवतो आणि जी संशयित वाटेल ती कापून टाकतो. गाठीऐवजी धातूचं यंत्र येतं, हात कमी दुखतो हे खरं, पण त्या पैशात दोर, दोऱ्या आणि हेल्मेट येतात. सुरुवातीला यंत्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोर थेट सालीवरून नेला तर दोरही झिजतो आणि झाडही सोलतं. त्यासाठी दोन कड्यांचा वेगळा छोटा पट्टा फांदीला अडकवून दोर कड्यांतून न्यायचा. चिंचेच्या खरबरीत सालीवर याचा फरक पहिल्याच दिवशी कळला. फांदीवर भार किती येतो तेही लक्षात ठेवा: दोराचं एक टोक खाली बुंध्याला बांधून दुसऱ्यावर चढलं तर वरच्या फांदीवर वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो. चिंच तो झेलते, शेवगा, गुलमोहर आणि काटेसावरीवर मी भरवसा ठेवत नाही. वर दोर फेकायला पातळ सुतळी आणि तीनशे ग्रॅमची पिशवी. गोफण फिरवणारी पोरं हे माझ्यापेक्षा चांगलं करतात. फेकण्याआधी मात्र आग्या मोहोळ आहे का ते खालून नीट पाहायचं.

पट्ट्याबद्दल तक्रार आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आलेल्या पहिल्या पट्ट्यावर ना मानकाचं लेबल, ना तयार झाल्याचं वर्ष. परत केला, पैसे मिळायला पुष्कळ दिवस लागले. बांधकामावरचा पट्टा (आपलं मानक आयएस ३५२१) स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, पण त्याची कडी पाठीवर असते आणि तो पडणाऱ्याला थांबवण्यासाठी असतो. त्यात लटकून तासभर काम करता येत नाही, मांड्यांतलं रक्त थांबतं. झाडासाठी पुढे कडी, कमरेला दोन्ही बाजूंना कड्या आणि रुंद पाय-पट्टे लागतात. माझा दुसरा पट्टा असा आहे. वैशाखात कमरेखाली घामाने साल निघते, एवढाच दोष. हुक तीन हालचालींनी उघडणारेच घ्या. हनुवटीचा पट्टा नसेल तर ते हेल्मेट घेऊ नका.

करवत चालवताना दोन ठिकाणी अडकलेलं असायचं, त्यातली एक दोरी पोलादी तारेच्या गाभ्याची. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो सुटतो. कोयता मी वर नेतच नाही. विजेच्या तारेजवळचं झाड असेल तर लाइनमनकडून सप्लाय बंद करून घेतल्याशिवाय चढायचं नाही, पावसात तर अजिबात नाही.

साठवण. दोर इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं, वाफ किंवा शिंतोडे दिसत नाहीत आणि दोर बाहेरून चांगलाच वाटतो. गावच्या घरात बॅटरी, फवारणीची औषधं, युरिया आणि डिझेल एकाच खोलीत असतं, त्यामुळे हे सांगावं लागतं. माझा दोर आता झाकणाच्या डब्यात, सावलीच्या खोलीत, उंच टांगून. उंदीर घामाच्या खारट वासाने कुरतडतात, म्हणून डबा. धुरपटलेल्या, उन्हाने तापलेल्या टिनाखाली ठेवू नका.

फांद्या सोडायचा दोर वेगळा आणि वेगळ्या रंगाचा ठेवा. एकदा फांद्यांचे झटके खाल्लेला दोर पुन्हा माणसाला लावायचा नाही. तो फांद्यांचाच राहतो.

किंमत विचाराल तर दोर मला मीटरमागे शंभर-दीडशे रुपयांच्या घरात पडला. वापर कमी असला तरी तयार झाल्यापासून दहा वर्षांच्या पुढे कोणताही कापडी सरंजाम वापरू नये, असं मोठे उत्पादक सांगतात. आमच्यासारख्या मातीत आणि रोजच्या कामात तो त्याच्या कितीतरी आधी बाद होईल. यंदा पोळ्याआधी माझ्या दोराची एक बाजू दोन मीटर कापून टाकली, बाकीचा अजून चालतो. पुढच्या खरेदीत गाठीच्या दोऱ्या चार घेणार आहे आणि दोर पुन्हा ४५ मीटरचाच.