मीटरवर १२.५ दिसलं आणि मी निर्धास्त झालो : 'लिथियम' बॅटरीच्या नावाखाली झालेली फसवणूक

लाज वाटत होती, म्हणून हे लिहायला दीड महिना गेला. गाडीची साधी लेड-ॲसिड बॅटरी काढून तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसवायला गेलो आणि सपशेल फसलो. पैसे गेले ते गेलेच, पण त्या डब्याने बॉनेटखाली आग लावली असती. सध्या कोणी अशी बॅटरी शोधत असेल तर पैसे पाठवण्याआधी त्याने हे वाचावं.

आधीच सांगतो, मी या विषयात अडाणी नाही. वीस वर्षं गाडीची किरकोळ कामं स्वतः करतोय. घरात मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. जुनी बॅटरी १४ किलो ८०० ग्रॅमची होती. ती वाकून, हात लांब करून बाहेर काढताना दर वेळी कंबर धरायची. शिवाय ती तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली होती. लिथियम टिकते जास्त, वजन निम्म्याहून कमी, सेल्फ जोरात फिरतो, हे सगळं खरं आहे. खऱ्या मालाबद्दल खरं आहे.

आणि ही काही हवेतली कल्पना नाही. पोर्शेने २०१० मध्ये ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियम स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली होती. वजन सहा किलोच्या आत, ६० अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) लेड बॅटरीपेक्षा दहा किलोंनी हलकी. तिची प्रत्यक्ष क्षमता मात्र १८ अँपिअर-तास होती, आणि कडाक्याच्या थंडीत ती कमी पडते म्हणून कंपनी सोबत साधी बॅटरीही द्यायची. हे सगळं मी आधी वाचलं होतं. १८ हा आकडा आणि सहा किलो हे वजन, दोन्ही मला पाठ होतं. तरीही फसलो. सगळ्यात जास्त तेच टोचतं.

विक्रेत्याची जाहिरात होती : लिथियम आयर्न फॉस्फेट (गाडीच्या स्टार्टरसाठी वापरतात तो लिथियमचा प्रकार), ६० अँपिअर-तास, वजन २.९ किलो. या धंद्यात 'समतुल्य' आकड्यांचा खेळ चालतो हे मला माहीत होतं. क्षमता असते १८ किंवा २० आणि डब्यावर छापतात ६०, कारण 'सेल्फ मारण्यापुरती ती ६० च्या लेडइतकीच आहे'. म्हणून मी मुद्दाम विचारलं, "हे ६० खरे आहेत की समतुल्य?" उत्तर आलं, "सर, खरे ६०." मला वाटलं, आपण नेमका प्रश्न विचारला. पण खरे ६० म्हणजे ६० गुणिले १२.८ (अशा बॅटरीचे व्होल्ट), म्हणजे ७६८ वॉट-तास, ही झाली एकूण ऊर्जा. स्टार्टर बॅटरीत वापरतात ते आयर्न फॉस्फेटचे सेल किलोमागे साधारण १०० ते १३० वॉट-तास देतात. म्हणजे नुसते सेलच किमान सहा किलोंच्या आसपास जायला हवेत, डबा वेगळा. २.९ किलोत हे बसणं शक्यच नाही. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे. मी तो पैसे गेल्यावर केला. तुम्ही आधी करा.

किंमत जुन्या बॅटरीच्या ४.६ पट. त्यातले ४० टक्के आगाऊ आणि ६० टक्के डबा हातात आल्यावर, ओटीपी देऊन. 'आज शेवटचा दिवस', 'दोनच नग उरलेत' वगैरे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेतच. माझा जुना मेकॅनिक फोटो बघून म्हणाला होता, "साहेब, एवढी हलकी असते का कधी?" मी त्यालाच लिथियम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याची माफी मागून झाली आहे.

आता तो क्षण. डबा आला. वजन केलं, २ किलो ८५० ग्रॅम. एका हाताने उचलला आणि हरखून गेलो. मग मल्टिमीटर लावला. आकडा आला १२.५.

मी मनात म्हटलं, वा, प्रवासातून आली तरी चार्ज आहे. वीस वर्षं लेड बॅटऱ्या तपासल्या आहेत. पूर्ण चार्ज लेड बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, थोडी उतरलेली १२.४-१२.५. माझ्या डोळ्यांना हाच आकडा ओळखीचा. पण आयर्न फॉस्फेटच्या स्टार्टर बॅटरीत चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक ३.२ व्होल्टचा. पूर्ण चार्ज होऊन निवांत पडलेली अशी बॅटरी १३.३ च्या आसपास दाखवते. १२.५ म्हणजे ती जवळजवळ रिकामी, नाहीतर आत भलतंच काही. आणि रिकामी असती तर तिने सेल्फ फिरवला नसता. म्हणजे उत्तर माझ्या हातात होतं, मीटरच्या काचेवर, चांगलं अर्धा मिनिट. मी आकड्याचा फोटोसुद्धा काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. झोप येत नाही तेव्हा तोच उघडून बघतो.

आत होते मोबाइल-लॅपटॉपमधल्या जातीचे लिथियम-आयन सेल, तीन-तीन ओळीत जोडलेले. असा सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्टचा असतो. तिनाने गुणा, १२.६. लेडच्या आकड्याशी तंतोतंत जुळतं. हे ज्याने बनवलं त्याला गिऱ्हाईक मीटर लावणार हे ठाऊक होतं. नवखा फसला असता तर समजू शकलो असतो. हा सापळा मीटर असलेल्यांसाठीच होता.

संध्याकाळी बॅटरी बसवली. सेल्फ जड फिरला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले. विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "पहिल्यांदा जड वाटेल, मिनिटभर हेडलाइट लावून ठेवा, लिथियम जागी होते." हे थंडीत खऱ्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत खरंच सांगतात. खोट्याला असा खऱ्याचा टेकू दिला की माणूस शंका घेत नाही. दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली, मी दोनेक मिनिटं चालू ठेवून बंद केली.

सकाळी निघालो. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, १४.२ व्होल्ट देतो. लेडसाठी ठीक, आयर्न फॉस्फेटलाही चालतं, कारण तिची मर्यादा १४.६ आहे. पण तीन सेलांत १४.२ वाटले तर एकेकाच्या वाट्याला ४.७ च्या वर येतात, आणि त्यांची हद्द आहे ४.२. विसाव्या मिनिटाला नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा गोडसर उग्र वास आला. बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तर डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला आणि हात लावता येणार नाही इतका गरम. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिला आधी लांब नेलं. नंतर जे थरथरलो ते अजून आठवतं.

असा वास आला तर गाडी ताबडतोब थांबवा, माणसं बाहेर काढा आणि लांब उभे राहा. मी बॉनेट उघडायला गेलो ती चूक होती. असा डबा घरी फोडूही नका. माझा चार दिवस उघड्यावर पडू दिला, मग बॅटरी पॅक दुरुस्त करणाऱ्या माणसाने हातमोजे आणि गॉगल घालून तो कापला.

आत २४ सेल निघाले. तीन वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टणांचे, टोकांवर जुन्या वेल्डिंगच्या पट्ट्यांचे तुकडे तसेच. म्हणजे भंगारातल्या लॅपटॉपमधून उपटलेले. दोनांवर छापील खूण शाबूत होती : आयसीआर १८६५०. यातला 'सी' कोबाल्टचा. आयर्न फॉस्फेट असते तर 'आयएफआर' असतं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एकेक सेल जेमतेम ४५ ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून किलोच्या आसपास. संरक्षणाचं सर्किट (सेल जास्त चार्ज झाले की जोडणी तोडणारं) म्हणाल तर एकही नाही. दोन काळ्या तारा कशालाच न जोडता चिकटवून ठेवलेल्या. आणि दोन सीलबंद पिशव्यांत १ किलो १२० ग्रॅम वाळू. वजन कमी व्हावं म्हणून मी ४.६ पट पैसे मोजले, आणि त्यातली किलोहून जास्त वाळू होती. सेल नवे असते तरी क्षमता ६० अँपिअर-तासांच्या जवळपासही गेली नसती.

आता तक्रारींचं ऐका.

विक्रेता म्हणाला, "तुमचा अल्टरनेटर खराब आहे." अल्टरनेटर तपासून कागद पाठवला. मग म्हणाला, सील तुटलं, वॉरंटी संपली. मग नंबर ब्लॉक.

ज्या विक्री संकेतस्थळावरून घेतली त्यांचं म्हणणं, वस्तू परत पाठवा, मिळाली की पैसे देऊ. कुरिअरवाला म्हणाला, फुगलेली लिथियम बॅटरी आम्ही नेत नाही. त्याचं बरोबरच होतं. लिथियम बॅटरी हा वाहतुकीत धोकादायक माल गणला जातो आणि खराब झालेलीला नियम आणखी कडक. हे मी संकेतस्थळाला कळवलं. त्यांचं उत्तर, वस्तू परत पाठवा. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, कुरिअरचा लेखी नकार जोडला. उत्तर तेच. ११ फोन, ३ वेगवेगळे तक्रार क्रमांक, दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी मुदतीत वस्तू परत न आल्याने तक्रार बंद. म्हणजे जे कुरिअरवाला नेतच नाही ते पाठवलं नाही, हा माझा दोष!

पेमेंट कंपनी म्हणाली, ओटीपी तुम्हीच दिलात, माल मिळाला. पोलिसांत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "माल आला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." मी म्हटलं, आयर्न फॉस्फेट सांगून कोबाल्टचं भंगार आणि वाळू दिली, गाडीत लेकरू होतं. ते म्हणाले, "काही झालं का तिला?" झालं असतं तरच तक्रार घेतली असती का? ग्राहक तक्रार कक्षाने प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. प्रयोगशाळा म्हणाली, खराब झालेले सेल आम्ही आत घेत नाही. अहवाल नाही म्हणून तक्रार पुढे सरकत नाही, आणि सेल खराब झाले म्हणून अहवाल नाही. ४७ दिवस झाले. परत मिळालेली रक्कम : शून्य.

माझ्यासारखे भांडत बसायचं नसेल तर डबा उघडतानाच व्हिडिओ करा आणि त्यात वजनकाटा व मीटर दोन्ही दिसू द्या. ओटीपी त्यानंतर द्या, कुरिअरवाला कितीही घाई करो. आगाऊ पैसे नकोतच. विक्रेत्याला वॉट-तास लेखी विचारा आणि वजनाने भागा. संरक्षण सर्किटने चालत्या गाडीत बॅटरीची जोडणी तोडली तर काय होतं तेही विचारा, कारण बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघतात. खऱ्या विक्रेत्याकडे याचं उत्तर तयार असतं. आणि इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर बॅटरीचा प्रकार बदलल्यावर बऱ्याचदा गाडीच्या संगणकाला तो कळवावा लागतो, 'बसवा आणि विसरा' म्हणणाऱ्याकडे फिरकूही नका. विमा कंपनीलाही आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

गाडीत आता पुन्हा लेड-ॲसिड आहे. तो फोडलेला डबा कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत, भिंतीपासून लांब पडून आहे, कारण जमा करून घ्यायलाही अजून कोणी तयार झालेलं नाही.

काल तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. फोटो तोच, डाव्या टर्मिनलजवळ तोच ओरखडा, आकडे तेच : ६० अँपिअर-तास, २.९ किलो. मी रिपोर्ट केली आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा, आणि खाली कोणी चौकशी करत असेल तर त्याला वर दिलेला हिशेब पाठवा.