एसी सर्व्हिस पॅकेज: गॅसचे पैसे देण्याआधी पंखा तपासा

उन्हाळा जवळ आला की गॅरेजांबाहेर ‘एसी सर्व्हिस पॅकेज’चे फलक लागतात. गॅस टॉप-अप, पुढच्या जाळीची म्हणजे कंडेन्सरची धुलाई, नवा केबिन फिल्टर, कूलिंग कॉइलवर फेसाचा फवारा आणि शेवटी केबिनमध्ये सुगंधी धूर, अशी साधारण कामं त्यात असतात. पेट्रोलवरच्या छोट्या हॅचबॅकसाठी, जिच्यात आर-१३४ए गॅस आणि बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर आहे, हे पॅकेज घ्यावं का, एवढ्यापुरतं हे परीक्षण. धुलाई आणि फिल्टर घ्या, त्यांचे पैसे वसूल होतात. गॅस टॉप-अप मात्र तपासणीशिवाय घेऊ नका. आणि जो भाग सगळ्यात आधी बघायला हवा, तो रेडिएटरचा पंखा या यादीत सहसा नसतोच. पॅकेजमधली सगळ्यात मोठी उणीव हीच.

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: हायवेला एसी मस्त गार, सिग्नलला थांबलं की गरम वारा. एवढ्यावरून निम्मं निदान होतं. गाडी पळत असताना वारा आपसूक जाळीतून जातो, उभी राहिली की सगळा भार पंख्यावर. पंखा फिरला नाही तर कंडेन्सरमधली उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचा (कॉम्प्रेसरच्या पुढच्या, जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढत जातो आणि साधारण ३० बारच्या पुढे प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अशा गाडीत वर आणखी गॅस भरला तर दाब अजून लवकर चढतो आणि एसी आधीपेक्षा लवकर कापतो. खिशातून पैसे गेले आणि दुखणं वाढलं, हे इथे अक्षरशः घडतं.

पंख्याची पहिली चाचणी घरीच होते. इंजिन सुरू करा, एसी लावा, बॉनेट उघडून उभे राहा. कॉम्प्रेसरच्या क्लचचा (कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणाऱ्या भागाचा) ‘टक’ आवाज आला की बऱ्याच गाड्यांत पंखाही लगेच सुरू होतो. काहींत तो दाब १५ बारच्या आसपास जाईपर्यंत थांबतो, म्हणून दोन-तीन मिनिटं वाट बघा. पंखा फिरताना वहीचा एक कागद पुढच्या जाळीवर धरा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं, आणि नुसतं बघून ते कळत नाही. हे करताना ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा. गरम गाडीत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडूच नका.

पंखा फिरतच नसेल तर क्रम असा. आधी फ्यूज, साधारण ३० किंवा ४० अँपिअरचा. वरून धड दिसतो पण पाय जळालेले असतात, म्हणून काढूनच बघा. मग रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा विजेवरचा स्विच. त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघितला की एका मिनिटात निकाल लागतो. त्यानंतर पंख्याचा कनेक्टर, आणि इथे बरेच मेकॅनिक फसतात. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो, पण ते बिनलोडचे १२ व्होल्ट असतात. आतून हिरवी पडलेली वायरसुद्धा तेवढं दाखवते, आणि पंखा १० ते १५ अँपिअर ओढायला लागला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून कनेक्टर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने, लोडवर मोजा. बॅटरीच्या आकड्यापेक्षा एक व्होल्टहून जास्त घट असेल तर वायर, अर्थिंग किंवा वितळलेली पिन शोधा. मोटर निर्दोष असताना ती बदलली जाते ती बहुधा ही पायरी गाळल्यामुळे.

मोटरची शेवटची परीक्षा म्हणजे बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड वायरीने थेट करंट देणं. फिरली तर दोष अलीकडे आहे. नाही फिरली, पण स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर फिरायला लागली, तर आतले कार्बन ब्रश संपलेत. त्या दिवशी घरी पोहोचाल. पण ती मोटर बदलायचीच. अजून एक उपयोगी युक्ती: कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सुरक्षिततेसाठी पंखा पूर्ण वेगात लावतो. तसं झालं तर मोटर, रिले, वायरिंग सगळं ठीक, आता सेन्सर आणि एसीच्या प्रेशर स्विचकडे वळा. चेक इंजिनचा दिवा लागेल. कनेक्टर परत लावायला विसरू नका आणि ईसीयूत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून घ्या.

दोन वेगांचा एकच पंखा असलेल्या गाड्यांत सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे कमी वेगाचा रेझिस्टर (करंट कमी करून पंखा मंद चालवणारा भाग) जळणं. पंखा मरत नाही, म्हणून शंकाच येत नाही. इंजिनाचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो पूर्ण वेगात घोंघावत सुरू होतो, काटा कधीच लाल भागात जात नाही. पण एसीला हवा असलेला मंद वेग मिळतच नाही आणि ट्रॅफिकमध्ये गारवा अर्ध्यावर येतो. एसी लावल्यावर पंखा गप्प आणि इंजिन तापल्यावर एकदम जोरात, असं दिसलं की रेझिस्टरच बघा. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, काहींत पंख्याच्या पूर्ण असेंब्लीबरोबरच घ्यावा लागतो.

यावर ‘पंखा डायरेक्ट करून देतो’ असा उपाय सर्रास सुचवला जातो, म्हणजे किल्ली फिरवली की पंखा सतत चालू. हा उपाय अजिबात स्वीकारू नका. ब्रश लवकर झिजतात, अल्टरनेटरवर कायमचा भार पडतो, थंडीत इंजिन उशिरा तापतं आणि मूळ दोष झाकला जातो. ज्या दिवशी ती डायरेक्ट वायर सुटेल, त्या दिवशी घाटात इंजिन तापेल.

आता धुलाई. पॅकेजमधलं हे काम खरंच मोलाचं आहे, फक्त ते कसं करतात ते उभं राहून बघा. प्रेशर गनचा झोत जवळून मारला तर कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पातळ पंख मुडपतात आणि वाट कायमची बंद होते. साधा नळ, कमी दाब, आणि शक्य तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर पाणी. खरा कचरा समोर दिसत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत तो साचतो. कोकणातली लाल माती, ऊसपट्ट्यातलं पाचट, रस्त्यावरचे किडे यांचा तिथे नमद्यासारखा थर बसतो. वरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर थोडा पुढे झुकवल्याशिवाय तो निघत नाही, आणि पॅकेजमध्ये एवढं सहसा करत नाहीत. वेगळे पैसे द्यावे लागले तरी करून घ्या. कंडेन्सरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्याही जागेवर हव्यात. त्या नसतील तर उभ्या गाडीत इंजिनाकडची गरम हवा वळसा घालून परत जाळीसमोर येते.

गॅसचं म्हणाल तर एसीची यंत्रणा बंदिस्त असते, इंधनासारखा तो गॅस खर्च होत नाही. होजमधून आणि सीलमधून बऱ्याच वर्षांत थोडा पाझरतो, ते वेगळं. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि आधी ती शोधायची. छोट्या हॅचबॅकमध्ये एकूण गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एवढ्याशा मापात ५०-१०० ग्रॅम जास्त झाले तरी फरक पडतो. म्हणून नुसता दाबाचा गेज बघून केलेला टॉप-अप हा अंदाजपंचे कारभार. इंजिन बंद असताना गेज फक्त तापमान सांगतो: ३० अंशांना आर-१३४एचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास असतो, आत ४०० ग्रॅम असो वा १५०.

चालू गाडीत मात्र दोन्ही गेज एकत्र वाचले की बरंच कळतं. ३०-३५ अंशांच्या हवेत लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी दाबाची बाजू) २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइड २०० ते २५० ही निरोगी अवस्था. दोन्ही चढे असतील तर पंखा, तुंबलेली जाळी किंवा जास्त झालेला गॅस. दोन्ही पडलेले असतील तर गॅस कमी. लो चढा आणि हाय पडलेला असेल तर कॉम्प्रेसर थकलाय. लो साइड जवळजवळ व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ड्रायरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या डबीत) अडथळा. गेज न लावता ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्या ठिकाणी गाडी सोडू नका.

गॅस खरंच भरायचा असेल तर आधी आतला गॅस मशीनमध्ये काढून त्याचं वजन, मग किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम, मग पंप बंद करून १५-२० मिनिटं काट्यावर नजर. काटा हलला तर गळती. पावसाळ्यात व्हॅक्यूम जास्त वेळ ठेवा; आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो आणि तेलाबरोबर आम्ल तयार करतो. त्यानंतर स्टिकरवरचे ग्रॅम, वजनकाट्यावर तोलून. कंडेन्सर बदलला असेल तर साधारण ३० मिलिलिटर तेल, तेही कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या ग्रेडचंच. गळती बंद करणारं सीलंट मिसळलेले कॅन सरळ नाकारा, ते व्हॉल्व्ह आणि मशीन दोन्ही तुंबवतात. हायब्रिड गाडीच्या विजेवरच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल लागतं, ती गाडी अशा पॅकेजला नेऊच नका.

गॅसच्या नावाखाली अजून एक दोष दडतो. सकाळी एसी उत्तम, दुपारी तासभर चालल्यावर कॉम्प्रेसर लागतच नाही, गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. इथे क्लचच्या दोन चकत्यांमधली फट झिजून वाढलेली असते. ती बहुतेक कॉम्प्रेसरवर ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. वाढली की गरम झालेल्या कॉइलची ओढ पुरत नाही. मधला नट खोलून एक पातळ शिम (फट ठरवणारी चकती) काढली की काम होतं. याच तक्रारीवर अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगितला जातो, तेव्हा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून दाखवायला सांगा.

कूलिंग कॉइलवरचा फेस वास घालवतो, गारवा वाढवत नाही. फेस मारला तर खालची ड्रेन नळी मोकळी करून घ्या, नाहीतर पाणी शेजारच्या सीटच्या मॅटखाली उतरतं. केबिन फिल्टर अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो, तो स्वतः बदला. सुगंधी धुराचे पैसे देऊ नका.

काम झाल्यावर मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचा. रीसर्क्युलेशनवर, १५०० आरपीएमला, पाच मिनिटांनी, बाहेर ३५ अंश असताना १० अंशांच्या आसपास आकडा आला पाहिजे. विदर्भातल्या ४४-४५ अंशांत किंवा कोकणच्या दमट हवेत तो थोडा वर राहील. मग गाडी तिथेच दहा मिनिटं आयडलला ठेवा. आकडा चार अंशांपेक्षा जास्त चढला तर पंख्याचं काम राहिलंय, पैसे देऊ नका. बिलावर काढलेला गॅस ग्रॅममध्ये, भरलेला गॅस ग्रॅममध्ये, तेल मिलिलिटरमध्ये आणि दोन्ही बाजूंचे दाब लिहून घ्या. पुढच्या वर्षी एसी पुन्हा मंदावला तर गळती किती वेगाने होतेय, हे याच आकड्यांवरून कळेल.