दोन बॉल नेले तरी पुरत नाहीत

म्हापशाहून बोलिंगचे 15 पौंडाचे दोन बॉल स्कूटरच्या पुढ्यात ठेवून दर रविवारी या बोलिंग ॲलीत येतो (भर पावसात पण, बायको वेडा म्हणते). सकाळी लेनवरचं ऑइल ताजं, माझा चकचकीत रिॲक्टिव्ह (जास्त वळणारा) बॉल वळायचं नावच घेत नाही, तिथे सँडिंग केलेला खरखरीतच लागतो, पण तिसऱ्या गेमला ऑइल उडतं नि तोच बॉल इतका लवकर वळतो की हेडपिनच्या (सगळ्यात पुढच्या पिनच्या) डावीकडून जातो, मग चकचकीत काढायचा नि दोन-तीन बोर्ड (लेनच्या पट्ट्या) डावीकडे सरकायचं. दहा नंबरची (मागच्या उजव्या कोपऱ्यातली) पिन उरली की इथला प्लॅस्टिकचा हाऊस बॉलच बरा, सरळ जातो बिचारा. परवा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ऑइल आत्ताच मारलंय, दादा". पहिलाच बॉल टाकून पुसला, टॉवेल कोरडा ठणठणीत, कसलं ऑइल नि कसलं काय!