लहान कुत्र्यासाठी पट्टा की हार्नेस: बाजारात मिळणाऱ्या पाच प्रकारांची पारख

‘फ्री साइज आहे, कोणत्याही कुत्र्याला बसतं.’ छत्रपती संभाजीनगरच्या पेट शॉपपासून तालुक्याच्या आठवडी बाजारातल्या गाड्यापर्यंत, गळ्याचा पट्टा किंवा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज) घेताना हे वाक्य ऐकायला मिळतं. पॉमेरियन, पग, शिह त्झू, डॅशहुंड अशा तीन ते आठ किलोंच्या कुत्र्यांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. पॉमची मान आणि पगची मान यांत अंगरखा आणि बनियनइतका फरक असतो.

सगळ्यात आधी घुंगरांचा पट्टा. पोळ्याच्या आधी घुंगरमाळा, म्होरक्या, कासरे विकणाऱ्या दुकानांत कुत्र्याचे पट्टेही टांगलेले असतात. दिसतात छान, पण त्यांना लावलेली कडी आणि साखळीचा हुक गोऱ्ह्याच्या मापाचा. चार किलोंच्या कुत्र्याच्या गळ्यात ते लोखंडी वजन दिवसभर लोंबतं, पावसाळ्यात गंजतं आणि पांढऱ्या केसांवर तांबडा डाग पाडतं. घुंगरू कानाखाली सतत वाजतं ते वेगळंच. फोटोपुरता घाला, साखळी लावू नका.

रेक्झिनचा पट्टा स्वस्त असतो आणि तेवढेच दिवस टिकतो. उन्हात वरचा थर तडकतो, त्या कडा मानेला घासतात. खऱ्या चामड्याचा मऊ पट्टा चांगला, पण रुंदी बघा. लहान कुत्र्याला दहा ते पंधरा मिलिमीटर पुरे. त्याहून अरुंद पट्टा रुततो आणि पंचवीसचा पट्टा जबड्याला टेकतो.

नायलॉनचा, प्लास्टिकच्या बकलचा पट्टा घरात घालायला योग्य. त्यावर नाव आणि फोन नंबरची बिल्ला-पट्टी लावा. गळ्यातल्या पट्ट्याचं आमच्या लेखी एवढंच काम. दोरी त्याला लावू नये, आणि कारण गळ्याच्या आतलं आहे. श्वासनळी कूर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी राहते. पॉमेरियन, चिवावा, यॉर्कशायर टेरिअर अशा छोट्या जातींत या कड्या मऊ पडून नळी चपटी होण्याचा दोष आढळतो. मग हिसका बसला की बदक ओरडावं तसा कोरडा ठसका येतो. पग आणि शिह त्झूचं दुखणं वेगळं. त्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात आणि गळ्यावर ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो. शिवाय पगची मान डोक्याइतकीच जाड असल्यामुळे बेतात बांधलेला पट्टा मागे सरकताच डोक्यावरून निघतो आणि न निघेल इतका आवळला तर गळा दाबतो. बदकासारखा ठसका ऐकू आला तर पट्टा त्याच दिवशी काढा आणि पशुवैद्याला दाखवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यातही नेता येतं.

आता दोरी लावायच्या हार्नेसकडे, आणि त्यातला भरपूर खपणारा माल: जाळीचं जॅकेट. रंगीत, मऊ, बरोबर दोरी फुकट. आमची सगळ्यात जास्त नाराजी याच्यावर आहे. याचं गळ्याचं भोक शिवून ठरलेलं असतं, घट्ट-ढिला होतो तो फक्त पोटाचा पट्टा. गळ्याला बसणारं घ्यावं तर छातीला ढिलं, छातीला बसणारं घ्यावं तर गळ्याशी मोठी फट. कुत्रं पुढे चालतंय तोवर सगळं ठीक. फटाका वाजला किंवा ट्रॅक्टरचा हॉर्न आला की ते मागे सरकतं, डोकं खाली घालतं, पुढचे पाय आखडतं, आणि जॅकेट उलटं होऊन तुमच्या हातात येतं. व्हेलक्रोवाल्या जॅकेटमध्ये केस अडकून दोन-तीन महिन्यांत पकड जाते, मग सगळा भार एका प्लास्टिकच्या बकलवर.

आमची पसंती पट्ट्यांच्या वाय-आकाराच्या हार्नेसला. मानेभोवती एक पट्टा, छातीमागे एक पट्टा, पुढून छातीच्या हाडावरून आणि वरून पाठीवरून त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या. दोन्ही गोल वेगवेगळे घट्ट-ढिले करता आले पाहिजेत. पुढचा जोड गळ्याच्या खळग्यात नको, छातीच्या हाडावर टेकायला हवा. छातीमागचा पट्टा काखेपासून दोन बोटं मागे हवा, नाहीतर आठवड्यात काखेत लाल चट्टा उठतो. खांद्यावरून आडवी जाणारी पट्टी असलेला प्रकारही मिळतो, तो पुढचा पाय मोकळा टाकू देत नाही. फार निसटणाऱ्या कुत्र्याला बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा. डोक्यातून काही घालून घेत नाही त्याला पायातून घालायचा प्रकार चालतो, पण त्यात बकलच्या दोन्ही बाजूंना कडी हवी आणि दोरीचा हुक दोन्हींतून घालायला हवा. मग बकल उघडलं तरी कुत्रं हातात राहतं.

माप शिंप्याच्या टेपने घ्या, टेप नसेल तर सुतळीने घेऊन पट्टीवर मोजा. कुत्रं उभं हवं, केस बोटांनी दाबलेले हवेत. मानेच्या तळाशी एक माप, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचं दुसरं. विकत घेताना लेबलवरचा ‘एस’ किंवा ‘एम’ वाचू नका, सेंटिमीटर वाचा. एका कंपनीचा ‘एस’ दुसरीचा ‘एक्सएस’ असतो. तुमचं माप दिलेल्या पल्ल्याच्या मध्ये यावं, टोकाला नाही. घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जावीत, तीन किलोंच्या आतल्या कुत्र्याला एकच बोट.

दुकानात पाच मिनिटं घालवा, दुकानदार कुरकुरला तरी. कडीच्या जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर कडी नुसती वाकवलेली आहे, जोडलेली नाही, आणि ताणाने ती उघडते. कडीशेजारची शिवण चौकोनात फुली मारल्यासारखी किंवा दाट आडव्या टाक्यांची हवी, एकेरी सरळ टीप नको. मग पट्टा सरकवायच्या बकलापाशी पेनने बारीक रेघ मारा आणि दहा हिसके द्या. रेघ सरकली तर तो हार्नेस रस्त्यावर आपोआप ढिला होणार. ओलसर झाल्यावर तर आणखीच. कुत्रं बरोबर असेल तर दुकानाचं दार लावून, दोरी समोरून धरून त्याला हळूच मागे सरकू द्या. कोपर आत ओढलं जाऊन पट्ट्यातून सुटत असेल तर ते माप तुमचं नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फोमचं अस्तर असलेला जाड हार्नेस म्हणजे स्वेटरच. नुसत्या पट्ट्यांचा, फिक्या रंगाचा घ्या. धातूची कडी उन्हात चटका देते, तिच्याखाली कापडाची पट्टी आहे का बघा. याच दिवसांत शिह त्झू आणि पॉमचे केस कापले जातात. हिवाळ्यात बसलेला हार्नेस कटिंगनंतर दोन-तीन बोटं ढिला होतो, आणि बरीच कुत्री तेव्हाच सुटतात. केस कापून घरी आणण्याआधी माप पुन्हा लावा.

हार्नेस चोवीस तास अंगावर ठेवू नये. लांब केसांत त्याच्याखाली जटा होतात आणि गोचिडांना दडायला जागा मिळते. फिरून आलं की काढा, काख आणि कानामागे हात फिरवा. गोचिडासाठी मिळणारा औषधी पट्टा ही निराळी वस्तू, त्याला दोरी कधीच अडकवू नये. हार्नेस साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात नायलॉन आणि प्लास्टिक दोन्ही कुजतात.

पिल्लाची छाती दर पंधरा दिवसांनी मोजा. वाढत्या पिल्लाच्या गळ्यातला विसरलेला पट्टा कातडीत रुततो आणि केसांमुळे ते वास येईपर्यंत कळत नाही. उसवलेला टाका चप्पल शिवणाऱ्याकडून दुहेरी नायलॉन दोऱ्याने घालून घेता येतो. बकलला पांढरी चीर दिसली तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा हार्नेस घ्या.