तीन हात नाक्याची सिग्नल शाळा
ठाण्याच्या तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली, मालवाहू कंटेनरांत, २०१६ पासून भरणारी ही शाळा महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ ही स्वयंसेवी संस्था यांनी उभी केली असून, सिग्नलवर गजरे विकणारी, बहुतांशी मराठवाड्यातील दुष्काळामुळे शहरात आलेल्या कुटुंबांची मुले येथे शिकतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो येथील क्रम : आधी अंघोळ, स्वच्छ कपडे व जेवण, मग पाटी-पुस्तक, कारण हातावर पोट असलेल्या आईबापांसाठी मूल शाळेत धाडणे म्हणजे एक मिळवता हात गमावणे असते, आणि तो तोटा जेवणामुळे थोडा तरी भरून निघतो. वाहनांचा गोंगाट मात्र अखंड असतो. माझे दहा मिनिटांत डोके उठले, मुलांचे पाढे काही थांबले नाहीत.