कमरेवरची सुई की गुडघ्यातलं इंजेक्शन? साइड इफेक्ट बघून ठरवा

खानापूर भागात भाताची लावणी संपली की दवाखान्यात गुडघे धरून बसलेली माणसं दिसतातच, निपाणीकडं मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांचं तर बारा महिने हेच, आणि मग "एक सुई मारून सोडा की डॉक्टर". पण कुठली सुई? एक कमरेवर मारतात ती डायक्लोफिनॅकची, 75 मिलिग्रॅम. दुसरी थेट गुडघ्याच्या सांध्यात, ती स्टेरॉइडची, म्हणजे ट्रायमसिनोलोन नाहीतर मिथाइलप्रेडनिसोलोन, बहुतेक वेळा 40 मिलिग्रॅम. सूज दोन्हींनी उतरते, त्रास मात्र वेगवेगळा.

डायक्लोफिनॅकनं लवकर बरं वाटतं म्हणून लोक परत परत घेतात, आणि खरा घोळ तिथंच आहे. "गोळीनं पित्त होतं, सुई बरी" हे तर साफ चूक, कारण औषध रक्तातून फिरतं आणि जठराचं अस्तर जपणारी रसायनंच कमी करतं, त्यामुळं अल्सर आणि रक्तस्राव सुईनंही होतो. किडनीवर ताण येतो, अंगात पाणी धरतं, बीपी चढतं. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वर ही सुई असं तिन्ही एकत्र आलं, त्यात उन्हात ऊस तोडून अंगातलं पाणी कमी झालेलं, तर किडनी बसायला वेळ लागत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी घेऊच नये, पेनकिलरनं दमा उठतो अशांनीही नाही. सुई चुकीच्या जागी बसली तर पायाची नस दुखावते, गाठ होऊन पू होतो तो वेगळाच. दिवसाला 150 मिलिग्रॅमच्या वर नाही आणि दोन दिवसांच्या वर नाही, असा नियम आहे. 

स्टेरॉइडचं नाव ऐकूनच लोक घाबरतात, पण कधीतरी एकदा घेतलं तर पोटाला आणि किडनीला ते डायक्लोफिनॅकपेक्षा सोपं जातं असं माझं मत. शुगरवाल्यांनी मात्र सावध राहावं, पुढचे काही दिवस शुगर चांगलीच वर जाते, घरी मशीन असेल तर रोज बघा. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, तोंड लालबुंद होतं, झोप उडते, टोचल्या जागी कातडी पांढरी पडते. सांध्यात इन्फेक्शन क्वचित होतं पण झालं तर गंभीर. आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, झिजते: 2017 च्या एका अभ्यासात दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन दिलं, तर नुसतं सलाइन टोचलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात काही फरक नाही! म्हणून वर्षात तीन-चारच्या वर डॉक्टर देत नाहीत, आणि गुडघा बदलायचा ठरला असेल तर ऑपरेशनच्या आधीचे तीन महिने नकोच.

मग घ्यायचं कुठलं? शुगर ताब्यात नाही तर स्टेरॉइड लांब ठेवा, बीपी, किडनी, अल्सर, हार्टचं काही असेल तर डायक्लोफिनॅक लांब ठेवा. दोन्ही असेल, आणि आपल्या आईवडिलांच्या वयात असतंच, तर सुईचा नाद सोडून पॅरासिटामॉल, दुखऱ्या जागी लावायचं जेल आणि मांडीचे व्यायाम याबद्दल विचारा. काही ठिकाणी डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन (हेही स्टेरॉइडच) एकदमच टोचतात, त्यानं आराम झकास पडतो पण पोटात रक्तस्रावाचा धोका एकट्या सुईपेक्षा जास्त, तेव्हा सिरिंजमध्ये काय भरलं हे तोंडावर विचाराच.

काळी शी, लघवी कमी, धाप, किंवा गुडघा गरम होऊन ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि आपल्याकडं एक डॉक्टर बेळगावचा, एक मिरजेचा, एक कोल्हापूरचा असं चालतं, एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं, म्हणून औषधाचं नाव, कुठला गुडघा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर तीन महिन्यांच्या आत तेच इंजेक्शन परत बसतं.