वकिलांच्या ऑफिसला ‘कम्प्लायन्स’ विकणाऱ्यापासून सावध

वकिलाला कोण फसवणार, असं सगळ्यांना वाटतं. मी एका वकिली फर्मचे हिशेब सांभाळते, आणि माझं मत अगदी उलट आहे. दुसऱ्याची कागदपत्रं भिंग लावून वाचणारी ही मंडळी स्वतःच्या ऑफिसचा जीएसटी-टीडीएस म्हटलं की ‘ते तुम्ही बघा’ म्हणून मोकळी होतात. नेमक्या त्याच फटीतून हा माणूस आत शिरला.

एका ओळखीच्या पक्षकाराने त्याचं नाव सुचवलं होतं. कार्डावर ‘विधी संस्थांसाठी आर्थिक व्यवस्थापन व कम्प्लायन्स (म्हणजे नियमपालन) सल्लागार’. बोलणं गोड, कपडे कडक. पहिली तपासणी फुकट म्हणाला आणि आठवड्याभरात जाडजूड अहवाल आणून दिला. त्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं की फर्मने 2017 पासून जीएसटी भरलेला नाही, व्याज आणि दंड चढतोय. सोबत खात्याच्या नावाची एक नोटीस.

मी बैठकीतच विचारलं, “आपल्या पक्षकार कंपन्या तर रिव्हर्स चार्जने स्वतःच कर भरतात ना?”

“मॅडम, ते जुनं झालं. आता फी वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी लागतेच.”

यातली गोम अशी की वीस लाखांची मर्यादा खरोखरच आहे, म्हणून ऐकणाऱ्याला पटतं. पण वकील किंवा वकिलांची फर्म व्यावसायिक संस्थेला कायदेशीर सेवा देते, तेव्हा कर भरायची जबाबदारी सेवा घेणाऱ्यावर असते; यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. जीएसटी आला त्या 2017 सालच्याच अधिसूचनेत हे आहे. आणि ज्याची सगळी सेवा रिव्हर्स चार्जखाली येते, त्याला नोंदणीतूनच सूट आहे. खाजगी माणसाच्या घरगुती दाव्याच्या फीवर तर करच नाही. नोटिशीचं म्हणाल, तर खऱ्या नोटिशीवर डीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) किंवा जीएसटी पोर्टलचा संदर्भ क्रमांक असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर टाकून बघता येतो. या नोटिशीवर नुसता गोल शिक्का होता. पण त्या बैठकीत नोटीस टेबलावर आपटली गेली आणि दोन्ही भागीदारांचे चेहरे उतरले. वकिलाला सगळ्यात मोठी धास्ती कसली, तर आपल्यावरच कारवाई झाल्याची बातमी कोर्टाच्या आवारात पसरण्याची. ती धास्ती त्याने बरोबर ओळखली होती.

मग त्याने ‘नोंदणी करून’ जीएसटी नंबर आणला, बिलांवर 18 टक्के लावायला सांगितलं, आणि मागची थकबाकी ‘सेटल’ करायला रक्कम त्याच्या खात्यात मागितली. म्हणे एकत्र भरली की दंडात सूट मिळते. दर महिन्याचा करही त्याच्याचमार्फत. चलनाच्या पीडीएफ वेळेवर यायच्या, त्याबाबतीत माणूस वक्तशीर.

बिंग फुटलं ते एका पक्षकार कंपनीच्या अकाउंट्सवाल्या बाईंच्या फोनने. “अहो, तुमच्या बिलावर जीएसटी कसा लागला? आम्ही इकडे आमच्याकडून भरतोय. आणि तुमचा नंबर टाकला तर पोर्टल काहीच दाखवत नाही.”

बिल आणि फर्मचं पॅन कार्ड शेजारी ठेवलं. जीएसटी नंबर 15 अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या करदात्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर भागीदारी फर्मसाठी ‘एफ’ असतं, व्यक्तीसाठी ‘पी’. आमच्या बिलावर त्या जागी ‘पी’ होता. म्हणजे कुणाच्या तरी पॅनवर दोन-चार अक्षरं पुढेमागे चिकटवून नंबर तयार केला होता, आणि तोच आम्ही मोठ्या पक्षकारांच्या बिलांवर छापत होतो.

मग एकेक कागद उलगडत गेला. चलनांवरचे नंबर पोर्टलवर सापडेनात. ‘सीए प्रमाणपत्रा’वरचा यूडीआयएन, म्हणजे सीएने दिलेल्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक, मोजला, तर सतरा अक्षरं. खरा 18 अक्षरी असतो, आणि सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. ‘बार कौन्सिल कम्प्लायन्स सर्टिफिकेट’ म्हणून जे चौकटीत लावून दिलं होतं, तसलं काही बार कौन्सिल देतच नाही.

एक घाव मात्र वाचला. पक्षकारांचे मुद्रांक शुल्कासाठी किंवा तडजोडीपोटी आलेले पैसे फर्मकडे काही दिवस पडून असतात. ते ‘लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या म्युच्युअल फंडात) फिरवू, व्याज फर्मचं’ असा त्याचा प्रस्ताव होता. मोठ्या सरांनी तो जागच्या जागी फेटाळला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पक्षकाराच्या पैशाचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा, खर्चासाठी आलेली रक्कम त्याच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवायची नाही, त्याच्या वतीने पैसे आले की लवकरात लवकर कळवायचं, हे स्पष्ट आहे. सरांना ते तोंडपाठ होतं. गंमत म्हणजे सल्लागाराने स्वतःची फी फर्मच्या फी-वसुलीच्या टक्केवारीत मागितली होती, आणि वकील नसलेल्या माणसाशी मोबदल्याची वाटणी करायला तेच नियम मनाई करतात. नियम पाळायला शिकवणाऱ्याचा करारच नियमात बसत नव्हता!

खरा त्रास पुढे झाला. नोंदणी नसताना कर वसूल करायला जीएसटी कायद्याचं कलम 32 बंदी घालतं, आणि कर म्हणून घेतलेला पैसा सरकारजमा करायची जबाबदारी कलम 76 घेणाऱ्यावरच टाकतं. म्हणजे चोर तो, आणि उत्तर द्यायचं आम्ही. खऱ्या सीएंना बोलावून प्रत्येक बिल दुरुस्त केलं, पक्षकारांना कराची रक्कम स्वतःच्या खिशातून परत दिली, प्रत्येकाला लेखी खुलासा पाठवला. बहुतेकांनी समजून घेतलं. एका कंपनीने पुढचं काम दुसरीकडे नेलं, त्यांना तरी काय म्हणणार.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची फिर्याद दिली. ज्या खात्यात पैसे गेले ते त्याच्या नावावर नव्हतंच, भलत्याच माणसाचं निघालं. त्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली आहे, बाकीचा पत्ता नाही.

तो अजून फिरतोय, कारण ओळखीच्या आणखी एका ऑफिसात तसाच अहवाल पोचलाय. ओळखायच्या खुणा अशा: पहिली तपासणी फुकट, लाल अक्षरांत थकबाकी, ‘आठ दिवसांत भरलं तर दंड माफ’ हे वाक्य, आणि पैसे सरकारी चलनाने न भरता ‘आमच्या एस्क्रोत’ (मध्यस्थाच्या खात्यात) टाकायचा आग्रह. जीएसटी पोर्टलवर लॉगिन तुमच्याच मोबाईल नंबरवर करू म्हटलं की तो विषय बदलतो.